सुपा, कुळगी, भीमगड: तंबू कुठं ठोकावा आणि कुठं नाही

दिवाळी झाली की बेळगाव-खानापूरच्या गाड्या शनिवारी दुपारी लोंढा-रामनगरच्या रस्त्याला लागतात. डिकीत तंबू, मोबाइलमध्ये बॅकवॉटरचा एक झकास फोटो, आणि जागा तिथं जाऊन बघू असा हिशोब. या पट्ट्यात तो हिशोब बसत नाही. जंगलाचा मोठा भाग अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात मोडतो, जलाशयातलं पाणी विजेच्या गरजेप्रमाणं सोडलं-अडवलं जातं, आणि फोटोत सर्वांत देखणी दिसणारी जागा तंबूला बहुतेक वेळा सर्वांत वाईट निघते. म्हणून खालच्या जागा आम्ही देखाव्यावर तोललेल्या नाहीत. जमीन कुणाची, पाणी कुठवर चढतं, आणि रात्री अडचण आली तर गाडी बाहेर निघते का, एवढंच पाहिलं आहे.

सुरुवात सुप्यापासून, कारण सगळ्यांना तिथंच जायचं असतं. काळी नदीवरचं हे धरण 101 मीटर उंच. जुनं सुपा गाव याच पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. जलाशय पावसात भरू लागतो, पाऊस संपता संपता सर्वांत वर असतो आणि मे-जूनपर्यंत उतरत जातो. उतरताना काठाला उघडी पडते ती गाळाची जमीन. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती सपाट, कोरडी, वर कोवळं गवत आलेली दिसते आणि तंबूला आयती वाटते. वरचा पापुद्रा तेवढा वाळलेला असतो. त्यावर गाडी घातली की पुढची चाकं खाली बसतात, आणि जवळ ट्रॅक्टरवाला नसेल तर रात्र तिथंच जाते. त्या मातीत तंबूची खुंटीही धरत नाही, वारा सुटला की लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर येते. शिवाय ती जमीन ना तुमची ना गावातल्या कुणाची, जलाशयाची आहे. स्थानिक माणूस पैसे घेऊन 'ठोका हो तंबू' म्हणाला तरी त्याला परवानगी म्हणत नाहीत.

पाणी कुठवर येतं ते काठ वाचून कळतं. उतारावर आडवी एक रेघ दिसते: वाळक्या काड्या, बांबूची पानं, फेसाचा पांढरा डाग, मधेच प्लास्टिकची बाटली. ती त्या वर्षीची सर्वांत वरची पातळी. रेघेच्या वर झाडं आहेत, खाली फक्त गवत आणि बुंधे. तंबू रेघेच्या वर तर हवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. पाण्यापासून किमान 60 मीटर लांब आणि उंचीनं दहा-पंधरा फूट वर जा. याचं कारण थंडीही आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड हवा उतारावरून घसरत पाण्याकाठी साचते. काठावर दव इतकं पडतं की पहाटे तंबूच्या आतून थेंब गळतात, आणि थोडं वर चढलात तर तोच तंबू बराच कोरडा राहतो.

धरणाच्या खाली, गणेशगुडी ते दांडेली, नदीचा काठ याहून धोक्याचा. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहात 50 मेगावॉटची दोन यंत्रं आहेत. ती सुरू झाली की नदी फुगते, बंद झाली की खडक उघडे पडतात. राफ्टिंग चालतं ते याच सोडलेल्या पाण्यावर. सकाळी कोरडा दिसलेला वाळूचा पट्टा संध्याकाळी पाण्यात असू शकतो, आणि वर पाऊस नसताना पाणी वाढतं म्हणून नवखा माणूस फसतो. खाली दांडेलीजवळ नदीत मगरी आहेत. दांडेलप्पाच्या देवळाकडं लोक मुद्दाम त्या बघायला जातात. तेव्हा या पट्ट्यात काठावर तंबू नको, अंधारात भांडी घासायला पाण्यात उतरणं नको, आणि पोहणं तर अजिबात नको.

आता जिथं जावं अशा जागा.

पहिल्यांदा तंबूत झोपणाऱ्यांना, लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना आम्ही डोळे झाकून कुळगी सांगतो. दांडेलीपासून साधारण 12 किलोमीटरवर, आंबिकानगरच्या रस्त्याला, वनखात्याचा हा निसर्ग कॅम्प आहे. कायमचे उभे मोठे तंबू, डॉर्मिटरी, निसर्गाची माहिती देणारं केंद्र, भोवती साग आणि बांबू. तळं दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पोहोचल्यावर तोंडं उतरतात. पण जमीन वनखात्याची, रात्री माणसं हजर, संडास-बाथरूमची सोय, आणि सफारीचं फणसोली गेट आवाक्यात. जेवण साधं. दारू आणि स्पीकर चालत नाही, आणि आमच्या लेखी तीच या कॅम्पची मोठी जमेची बाजू. बुकिंग वनखात्यामार्फत आधीच करावं, गेटवर जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नये. इथं एक उणं आहे: तंबूचं कापड जाड असल्यानं मार्चनंतर दुपारी आत बसवत नाही. उन्हाळ्यात गेलात तर दुपारची झोप झाडाखाली काढायची तयारी ठेवा.

कारवारच्या रस्त्याला अणशीतही वनखात्याचा निसर्ग कॅम्प आहे. जंगल कुळगीपेक्षा दाट आणि ओलं. शांतता हवी असलेल्या दोघा-चौघांना तो बरा, मोठ्या घोळक्याला नाही.

गणेशगुडीचं ओल्ड मॅगझिन हाऊस जंगल लॉजेस या सरकारी संस्थेचं. धरण बांधताना स्फोटकं साठवायची कोठी होती तीच ही जागा. पक्ष्यांसाठी पाण्याची उथळ भांडी मांडलेली आहेत, आणि कॅमेरावाले दिवसभर त्यांच्यासमोर बसतात. पक्षी बघायचे असतील तर या भागात याला तोड नाही. पोरांना हुंदडायचं असेल तर इथं आणू नका. त्यांचाही हिरमोड होतो आणि गप्प बसलेल्या लोकांचाही. दांडेलीजवळ नदीकाठचा काळी अ‍ॅडव्हेंचर कॅम्प याच संस्थेचा आहे. या संस्थेचे दर माणशी असतात आणि त्यात बहुधा मुक्काम, जेवण, सफारीसारखे कार्यक्रम धरलेले असतात. हिशोब दुपारी येणं ते दुसऱ्या दिवशी सकाळी निघणं असा. म्हणजे 'एक दिवस' म्हणताना हाती वीस-बावीस तासच येतात. सकाळी आठला बेळगावहून निघून दहाला दारात उभं राहण्यात अर्थ नाही. दर खाजगी कॅम्पपेक्षा जास्त वाटले तरी जेवण, नाष्टा आणि सफारी वेगळी मोजून बघा, फरक बराच कमी होतो.

खानापूरच्या अंगाला जांबोटी, हेम्मडगा, कणकुंबी हा पट्टा. भीमगड अभयारण्य 190 चौरस किलोमीटरचं, 2011 साली जाहीर झालेलं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई देगावकडं. जंगल सुप्याकडच्यापेक्षा रसरशीत, पण इथं मोठा जलाशय नाही, आणि अभयारण्याच्या आत स्वतःचा तंबू ठोकायला परवानगी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या 27 व्या कलमानं परवान्याशिवाय आत जाता येत नाही आणि 30 व्या कलमानं अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे. 'गावातल्या ओळखीनं' आत घुसून शेकोटी पेटवणाऱ्यांमुळं त्या गावकऱ्यांनाच पुढं वनखात्याच्या चौकशीला तोंड द्यावं लागतं, हे ध्यानात ठेवा. इथं राहायचं तर अभयारण्याच्या बाहेर, जांबोटीकडच्या अधिकृत कॅम्पवर किंवा शेतातल्या होमस्टेवर. बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांची चर्चा ऐकून तिकडं जायचा हट्ट धरू नका. त्यांना माणसांचा वावर सोसत नाही.

राकसकोप जलाशयाबद्दल दोन वाक्यं पुरेत. बेळगाव शहर हे पाणी पितं. तिथं तंबू, शेकोटी, आंघोळ काहीच नको. हिडकल धरणाचं पाणी अफाट आहे, पण भोवती जंगल नाही, सावली नाही. एका संध्याकाळसाठी छान, मुक्कामाला नाही.

राहता राहिले जोयडा-गणेशगुडी भागातले खाजगी कॅम्प आणि होमस्टे. तळ्याचा देखावा आणि स्वतःचा तंबू दोन्ही हवं असेल तर वाट हीच, पण इथं डावं-उजवं फार. आमच्या मते सर्वांत उत्तम मुक्काम भात कापून मोकळ्या झालेल्या मालकीच्या शेतात मिळतो, डिसेंबर ते फेब्रुवारी. खाचर सपाट असतं, माती खुंटी धरते, घर हाकेच्या अंतरावर असतं. मात्र खाचरात बांधाला लागून तंबू नको, पाऊस आला तर पाणी तिथंच तुंबतं. घरचं जेवण मागा. इथले कुणबी कंद पिकवण्यात तरबेज आहेत, आणि थंडीत कंदाची भाजी, भाकरी, माशाचं कालवण मिळालं तर कॅम्पचं ठरावीक पनीर कुणी विचारू नये.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारायचं ते असं. जमीन मालकीची की वनखात्याची, आणि होमस्टेची नोंदणी आहे का? तंबू पाण्यापासून किती लांब? 'अगदी पाण्याला लागून' असं कौतुकानं सांगितलं तर तो दोष धरा. संडास किती जणांमागं एक? दहाच्या वर गेलं की सकाळी रांग लागते. दर माणशी की तंबूमागं, जीएसटी धरून की वेगळा, मुलांचं कितव्या वर्षापासून तिकीट? रात्री दहानंतर गाणी बंद होतात का? कायाकिंग देतात तर लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाचं आहे का? मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात जॅकेट वर येतं आणि मूल खाली सरकतं. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्या मुलासाठी नाही. या प्रश्नांवर पलीकडचा माणूस वैतागला तर दुसरा फोन लावा.

स्वतःचा तंबू नेणाऱ्यांसाठी. या भागात दुहेरी थराचा तंबू घ्या, म्हणजे आत जाळी आणि वर वेगळं कापड. एकेरी थराचे स्वस्त तंबू आतून घामेजतात, आणि मग लोक तंबू गळतो म्हणून तक्रार करतात. कापडावर पाणी थोपवण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. वळवाच्या सरीला 2000 च्या खालचं टिकत नाही, तळाला 3000 असेल तर उत्तम. चार जणांचा म्हणून विकलेला तंबू तीन माणसं आणि पिशव्या यांच्यासाठी धरा. तंबूखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवी. बाहेर डोकावली की पावसाचं पाणी ती गोळा करते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडते. सर्वांत जास्त होणारी चूक ही आहे, आणि दोष मात्र तंबूला मिळतो.

तंबूबरोबर आलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या जोयडा-खानापूरच्या जांभ्यात वाकतात. वरची माती दोन-तीन इंचच, खाली दगड. हार्डवेअरच्या दुकानातून आठ इंची लोखंडी खिळे डझनभर आणि एक हातोडी घ्या. खिळा सरळ उभा ठोकू नका, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं असू द्या आणि दोरी जमिनीशी साधारण 45 अंशांत ओढा. जांभा खिळाही घेईना तर दोरी एका लांबट दगडाला बांधून त्यावर मोठा दगड ठेवा. तंबू उभा झाल्यावर वरचं कापड आतल्या जाळीला कुठं टेकत नाही ना, हात फिरवून बघा. जिथं टेकतं तिथंच रात्री ओल उतरते. वरून येणारं पाणी वाहून जावं म्हणून भोवती चर खणायची जुनी सवय सोडा. जागा योग्य निवडली असेल तर चर लागत नाही, आणि खणलेल्या चरातूनच पुढच्या पावसात माती वाहते.

मान वर करून बघायला विसरू नका. बांबूच्या बेटात वाळलेले बांबू अडकून उभे असतात आणि वाऱ्यात कधीही आडवे होतात. वठलेली फांदी, मधमाश्यांचं पोळं, दोन्ही वर असतात आणि दिवसा उजेडीच दिसतात. म्हणून साडेचारच्या आत जागेवर पोहोचा. बांबूचा दुसरा त्रास हत्तीचा. दांडेलीकडचे हत्ती भाताच्या, उसाच्या दिवसांत खानापूर तालुक्यात उतरतात. ताजी लीद, मोडलेला बांबू, पाण्याकडं जाणारी रुंद मळलेली वाट दिसली तर तिथं मुक्काम नको, मालक कितीही धीर देऊ दे. अस्वल आणि गवे आहेतच. खरकटं, केळी, फणस तंबूत किंवा तंबूजवळ ठेवू नका, गाडीत बंद करा. रात्री लघवीला जाताना एकटं जाऊ नये, बॅटरी हवी आणि पायात चप्पल न घालता बूट.

ज्याकडं कुणी लक्ष देत नाही ती गोष्ट म्हणजे गोचीड. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलताप, 1957 साली शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला. सह्याद्रीच्या या अंगाला तो अधूनमधून डोकं वर काढतो. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, नेमका कॅम्पिंगचा. गोचिडीचं पिल्लू तिळाएवढं किंवा त्याहून लहान, वाळक्या पानांत आणि गवताच्या टोकावर बसून वाट बघतं. म्हणून पाचोळ्यावर नुसतं बसू नका, सतरंजी टाका. फुल पँट मोज्यात खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे चढलेली दिसते. संध्याकाळी कंबर, काखा, गुडघ्यामागं, कानामागं तपासा, मुलांचे केसही. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल किंवा सिगारेटचा चटका नको. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, त्या जागेवरून हला आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर दोन आठवड्यांत जोराचा ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना जंगलात मुक्काम केल्याचं आपण होऊन सांगा. ते त्यांनी विचारलं नाही तर साधा ताप समजून वेळ जातो. साप चावला तर अवयव न हलवता सरळ दवाखाना, गावठी उपचारात वेळ नको. खानापूर किंवा दांडेली, जे जवळ ते निघण्याआधीच नकाशावर बघून ठेवा आणि नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या, कारण जगलबेटच्या पुढं नेटवर्कचा भरवसा नाही.

पाणी किती न्यायचं? माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं, दोन लिटर स्वयंपाकाचं. चौघांच्या दोन दिवसांना 48 लिटर, म्हणजे 20 लिटरचे दोन कॅन आणि बाटल्या. जलाशयाचं पाणी वापरायची वेळ आली तर तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी फडक्यानं गाळा आणि खळखळून उकळा. शेगडी गॅसची न्या. लाकडं जंगलातून उचलायची नाहीत, आणि जानेवारीनंतर पाचोळ्यात उडालेली एक ठिणगी डोंगर पेटवते. मालकानं शेकोटी दिली तर ती मोकळ्या जमिनीवर, भोवती दहा फूट पाचोळा झाडून, आणि झोपण्याआधी पाणी ओतून राखेत हात घालता येईल इतकी गार करून. तांदूळ, डाळ, मसाला बेळगावच्या रविवार पेठेत घेऊन टाका, पेट्रोल खानापूरला पूर्ण भरा.

महिन्यांबद्दल आमचं मत ठाम आहे. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हाच स्वतःच्या तंबूचा काळ. पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर येतो, तेव्हा 10 अंशांपर्यंत आरामाची म्हणून विकलेली झोपण्याची पिशवी आणि खाली 10 मिलिमीटर जाडीची फोमची चटई लागतेच. चटई नसेल तर कितीही ब्लँकेटं घ्या, थंडी जमिनीतून येते. मार्च चालेल. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, विजांसकट. उघड्या काठावर किंवा टेकडीच्या माथ्यावर तंबूचे खांबच सर्वांत उंच असतात. गडगडाट ऐकू आला की तंबू सोडून गाडीत किंवा पक्क्या घरात बसा. जून ते सप्टेंबर स्वतःचा तंबू नकोच. सफारी आणि राफ्टिंग बंद, जळवा, रस्त्यावर पडलेली झाडं, आणि धबधब्यांकडं जायला वनखात्याची बंदी. पावसातलं जांबोटी बघायचंच तर पक्क्या छपराखाली राहून बघा.

निघताना तंबू झटकून, तळ उन्हात पालथा घालून मगच गुंडाळा. दवानं ओला तसाच गुंडाळलात तर घरी पोहोचल्या दिवशीच गच्चीवर पुन्हा पसरा. दोन-तीन दिवस पिशवीत राहिला तर बुरशी धरते आणि शिवणीवरची पट्टी सुटते, मग तो तंबू पुढच्या हंगामात पाणी थोपवत नाही. शिवणीच्या घड्यांत गोचिडी अडकून घरी येतात, त्याही तेव्हाच बघून घ्या.